घरगुती सेप्टिक टाक्यांचे स्थानिक नियमन : पेण व रोहा यांच्या संदर्भात

१. विषयाचे स्वरूप

महाराष्ट्रातील नगरशासनाच्या अभ्यासात मैलापाण्याचा प्रश्न बहुधा भुयारी गटारांच्या अंगाने विचारात घेतला जातो. गटार ही सार्वजनिक वस्तू आहे. तिच्यासाठी कर बसतो, अंदाजपत्रकात रक्कम दाखविली जाते आणि ते तुंबले तर नगरपरिषदेच्या सभेत प्रश्न विचारला जातो. परंतु जेथे भुयारी गटाराची जोडणी पोचलेली नाही तेथे ही सर्व व्यवस्था प्रत्येक घराच्या परसात, जमिनीखाली, मालकाच्या खर्चाने उभी असते. लहान शहरांत व त्यांच्या भोवती वाढणाऱ्या गावांत घरोघरची सेप्टिक टाकी हीच प्रत्यक्षातील मलनिस्सारण-व्यवस्था होय. ती खाजगी असल्यामुळे तिच्यावरील सार्वजनिक नियंत्रण मुख्यतः एका परवान्यापुरते उरते. हा परवाना काय तपासतो आणि कोणती गोष्ट त्याच्या दृष्टीबाहेर राहते, हे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा ह्या दोन ठिकाणांच्या संदर्भात पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही दोन ठिकाणे निवडण्यास कारण आहे. दोन्ही गावांतील नगरपालिका जुन्या असून, १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम व त्यानंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम यांखाली त्यांचा कारभार चालत आला आहे. २०११ च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या सुमारे ३८ हजार व रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार होती. म्हणजे ही गावे मोठ्या शहरांच्या गणनेत येत नाहीत आणि खेडीही राहिलेली नाहीत. पेण भोगावतीच्या काठी वसले असून त्याच्या एका अंगास डोंगरउताराची जमीन आणि दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला खारेपाट आहे. रोहा व अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरील वस्ती एकाच नगरपरिषदेखाली येते. भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि गावाजवळच धाटावची औद्योगिक वसाहत आहे. जमिनीचे प्रकार, पाण्याची पातळी आणि नियामक संस्था ह्या तिन्ही बाबतींत एवढ्या लहान क्षेत्रात इतकी विविधता असल्यामुळे सर्व राज्यासाठी केलेला एकच नियम येथे कसा लागू पडतो, ह्याची परीक्षा चांगली होते.

२. टाकीचे कार्य

सेप्टिक टाकीची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. फ्रान्समध्ये झां-लुई मुरास ह्याने १८६० च्या सुमारास बंद कुंडाचा प्रयोग केला. इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनल्ड कॅमेरन ह्याने १८९५ च्या सुमारास त्यास आजचे नाव व रूप दिले. मुंबईतही त्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा टाकीचा प्रयोग झाला व तीतून निघणाऱ्या वायूचा उपयोग करून पाहण्यात आला. तेव्हा ही पद्धत येथे नवी म्हणता येणार नाही.

टाकीचे काम दोन प्रकारचे असते. आत आलेले मैलापाणी तीत काही काळ स्थिर राहते. जड द्रव्य तळाशी बसते, तेलकट भाग वर साय धरतो, आणि तळच्या गाळाचे प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंकडून अंशतः विघटन होते. मधल्या थरातील पाणी पलीकडच्या नळाने बाहेर पडते. हे पाणी पाहणाऱ्यास निवळ वाटले तरी शुद्ध झालेले नसते. रोगजंतू, विद्राव्य सेंद्रिय द्रव्य व नत्रयुक्त क्षार त्यात मोठ्या प्रमाणावर शिल्लक असतात. शुद्धीकरणाचा उरलेला भाग जमीन करते. शोषखड्ड्यातून किंवा पाझर-चरातून पाणी मातीत हळूहळू झिरपते, आणि मातीच्या कणांवर वाढणारा जंतूंचा थर त्यातील घातक अंश अडवितो व पचवितो.

ह्यावरून हे स्पष्ट होते की सेप्टिक टाकी ही व्यवस्थेची निम्मी बाजू आहे. दुसरी निम्मी बाजू म्हणजे तिच्या पुढची माती. टाकी विटांची व सिमेंटची असल्यामुळे तिचे माप घेता येते, ती नकाशावर काढता येते आणि गवंड्याकडून बांधून घेता येते. माती जागच्या जागी असते. तिची परीक्षाच करावी लागते. परवान्याच्या पद्धतीतील बहुतेक अडचणींचे मूळ ह्या भेदात आहे.

३. परवान्याची कायदेशीर चौकट

घरगुती सेप्टिक टाकीसाठी वेगळा परवाना नसतो. ती इमारतीच्या बांधकाम-परवानगीचाच एक भाग असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ह्याच्या कलम ४४ अन्वये जमीनमालक नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषदेकडे, अर्ज करतो. अर्जासोबत जमिनीच्या हक्काचा उतारा, स्थळदर्शक नकाशा, इमारतीचे आराखडे आणि पाणीपुरवठा व मैलापाण्याची विल्हेवाट दाखविणारा सेवा-आराखडा जोडावयाचा असतो. कलम ४५ अन्वये प्राधिकरणाने निर्णय द्यावयाचा असतो. ६० दिवसांत तो कळविला नाही, तर प्रस्ताव नियमांस धरून असल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. त्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी, काम पुरे झाल्याचा दाखला व शेवटी भोगवटा प्रमाणपत्र असा क्रम असतो.

तांत्रिक अटी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिलेल्या आहेत. ही नियमावली डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागास लागू झाली. तिच्यातील सेप्टिक टाकीविषयीच्या अटी राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या परंपरेतील आहेत. टाकीची आतील रुंदी निदान ७५ सें.मी., पाण्याच्या पातळीखालील खोली निदान १ मीटर, द्रवधारणा निदान १ घनमीटर आणि लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत असावी. वायुवीजनाची नळी निदान ५० मि.मी. व्यासाची असावी व तिच्या तोंडाशी डास अडविणारी जाळी असावी. शोषखड्ड्याचे कमीत कमी माप ९० सें.मी. असावे व येणाऱ्या नळाखाली त्याची खोली निदान १ मीटर असावी. भूमिगत झिरपणीची व्यवस्था विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून १८ मीटरांच्या आत आणि राहत्या इमारतीपासून २ मीटरांच्या आत असू नये. टाकीतून निघणारे पाणी योग्य शुद्धीकरणावाचून उघड्या गटारात किंवा जलाशयात कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

हद्दीबाहेर चित्र बदलते. गावठाणातील बांधकामासंबंधी ग्रामपंचायतीस १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली अधिकार आहेत. गावठाणाबाहेरील जमिनीच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्यांकडे व नगररचना कार्यालयाच्या अभिप्रायासाठी अलिबागेस जावे लागते. पेण तालुक्यातील काही गावे २०१३ मध्ये सिडकोच्या 'नैना' ह्या अधिसूचित क्षेत्रात घेण्यात आली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण आहे. २०२० ची नियमावली मंजूर झाली तेव्हा ही दोन्ही प्रकारची क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली होती. पेण तालुक्याचा भाग मुंबई महानगर प्रदेशात येतो, रोहा त्याबाहेर आहे. अर्थात् एकाच नदीच्या खोऱ्यात, काही मैलांच्या अंतरात, शेजारशेजारच्या दोन घरांच्या टाक्यांना परवानगी देणाऱ्या संस्था भिन्न असू शकतात. भूजलास मात्र ह्या सीमांची ओळख नसते.

४. अठरा मीटर आणि दीड गुंठा

वरील अटींपैकी सर्वांत महत्त्वाची अट अठरा मीटरांची होय. तिचा हेतू विहिरीच्या पाण्यात रोगजंतू जाऊ नयेत हा आहे. येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही अट पाणी न गळणाऱ्या टाकीसाठी नसून टाकीपुढील शोषखड्ड्यासाठी व पाझर-चरासाठी आहे. नकाशावर टाकीचे अंतर दाखविले व शोषखड्डा दाखविलाच नाही, तर ज्या वस्तूसाठी नियम केला तीच तपासणीतून सुटते.

आता ह्या अटीचे भूमितीय परिणाम पाहू. एका विहिरीभोवती १८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०१८ चौ. मी. भरते, म्हणजे दहा गुंठ्यांहून किंचित अधिक. एका विहिरीच्या रक्षणासाठी एवढ्या जमिनीत कोणाचाही शोषखड्डा असता कामा नये. याउलट लहान गावांतील घरबांधणीचा भूखंड पुष्कळदा दीड गुंठ्याच्या, म्हणजे १५० चौ. मी.च्या आसपास असतो. असा भूखंड १० मीटर रुंद व १५ मीटर लांब धरला तर त्याचा कर्ण १८.०३ मीटर येतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, विहीर एका कोपऱ्याच्या टोकावर व शोषखड्डा समोरच्या कोपऱ्याच्या टोकावर कल्पिला तरच ही अट त्या भूखंडाच्या आत जेमतेम पाळली जाते. विहिरीस व खड्ड्यास स्वतःचा व्यास आहे हे लक्षात घेतले तर तेवढीही शक्यता उरत नाही. आणि शेजाऱ्याची विहीर कुंपणालगत असेल तर ह्या भूखंडावर शोषखड्ड्यास नियमात बसणारी जागा बहुधा सापडतच नाही.

म्हणजे लहान भूखंडावर ही अट मालकाच्या एकट्याच्या इच्छेने पाळता येत नाही. आजूबाजूच्या सात-आठ भूखंडांवरील विहिरी व खड्डे यांचा एकत्र विचार झाला तरच ती पाळता येते. परवाना मात्र भूखंडागणिक दिला जातो. प्रत्येक अर्जाबरोबर येणारा नकाशा त्या भूखंडाचा असतो, आणि कुंपणापलीकडची विहीर त्यावर दाखविलेली असेलच असे नाही. शेजाऱ्याने पुढे कूपनलिका खोदली तर आधी मंजूर झालेला शोषखड्डा एका दिवसात नियमबाह्य अंतरावर येतो, आणि ह्याची नोंद परवान्याच्या कागदपत्रांत कोठेही होत नाही.

ह्याच ठिकाणी प्रशासनाच्या सुलभीकरणाचा एक अनपेक्षित परिणाम दिसून येतो. २०२० च्या नियमावलीत जोखमीनुसार वर्गीकरण करून १५० चौ. मी.पर्यंतच्या भूखंडावरील साध्या इमारतींना कमी जोखमीच्या गटात टाकण्यात आले. परवानाधारक तांत्रिक व्यक्तीने प्रमाणित केलेले आराखडे व शुल्काची पावती यांवर त्यांचे काम सुरू होऊ शकते. लहान घर बांधणाऱ्यास कचेरीच्या खेपांतून सोडविणारी ही सुधारणा स्वागतार्ह आहे. इमारत कोसळण्याच्या किंवा आगीच्या दृष्टीने असे घर खरोखरच कमी जोखमीचे असते. परंतु मैलापाण्याच्या दृष्टीने जोखीम भूखंड लहान होत जाईल तशी वाढत जाते. जेथे छाननी सर्वांत बारीक हवी तेथेच ती सर्वांत सैल असते.

५. जमीन आणि पावसाळा

टाकीचे पाणी जमीन किती वेगाने शोषून घेईल हे ठरविण्यासाठी पाझर-चाचणी सांगितली आहे. भारतीय मानक २४७० ह्याच्या १९८५ च्या आवृत्तीतील दुसऱ्या भागात तिची पद्धत दिली आहे. शोषखड्डा किंवा चर जेवढ्या खोलीवर यावयाचा तेथपर्यंत लहान खड्डा खणावयाचा, तळाशी थोडी जाड वाळू किंवा बारीक खडी घालावयाची, तो पाण्याने भरून शक्यतो रात्रभर भिजत ठेवावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी २५ मि.मी. उतरण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावयाचे. हा वेळ ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा किंवा पाझर-चर चालतो. ३० ते ६० मिनिटे असेल तर चरच योग्य. त्याहून अधिक असेल तर मातीवर भिस्त न ठेवता गाळणीसारखी वेगळी शुद्धीकरण-व्यवस्था करावी. भूजलपातळी जमिनीपासून १.८ मीटरांच्या आत असेल तर शोषखड्डा खोदू नये. चर अंशतः किंवा पूर्णतः उंचवट्यावर करावा, असेही ह्या मानकात सांगितले आहे.

ह्या वेळेवरून शोषक पृष्ठभागाचे क्षेत्र काढता येते. २५ मि.मी. पातळी उतरण्यास लागणाऱ्या मिनिटांचे वर्गमूळ घेऊन त्याने २०४ ला भागले असता दर चौरस मीटरास दररोज किती लिटर पाणी द्यावे ते मिळते. पाच माणसांच्या घरातून टाकीत माणशी ४० लिटर, म्हणजे दिवसाला २०० लिटर पाणी येते असे धरू. जमीन ४ मिनिटांची असेल तर सुमारे २ चौ. मी., २५ मिनिटांची असेल तर सुमारे ४.९ चौ. मी. आणि ६० मिनिटांची असेल तर सुमारे ७.६ चौ. मी. पृष्ठभाग लागेल. एक मीटर व्यासाच्या व दीड मीटर उपयुक्त खोलीच्या खड्ड्याच्या कडांचे क्षेत्र ४.७ चौ. मी. असते. मध्यम जमिनीत तो एका कुटुंबाला जेमतेम पुरतो. त्याच जागी जुने घर पाडून आठ बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली, तर चाळीस माणसांसाठी ३९ चौ. मी. पृष्ठभाग, म्हणजे तसे नऊ खड्डे लागतील. टाकी मोठी करून हा प्रश्न सुटत नाही, कारण जमिनीची शोषणशक्ती टाकीच्या आकाराबरोबर वाढत नाही.

हे गणित पेण व रोहा येथील भूमीवर लावून पाहिले असता तीन अडचणी पुढे येतात. पहिली खारेपाटाची. खाडीच्या गाळाने बनलेली ही चिकण जमीन पाणी फार मंद गतीने शोषते, आणि तिच्यातील खारट भूजल पृष्ठभागापासून फार खाली नसते. येथे नियमाप्रमाणे खोदलेला शोषखड्डा भरून राहतो. मग घरमालक त्याला एक नळ जोडून पाणी गटारात सोडतो. उघड्या गटारात पाणी सोडू नये हा नियम येथे मोडला जातो, पण मोडण्याचे कारण मालकाचा बेदरकारपणाच असतो असे नव्हे. ज्या जमिनीत शोषखड्डा चालूच शकत नाही तेथे शोषखड्ड्याचा आराखडा मंजूर होणे हे त्याचे पहिले कारण होय.

दुसरी अडचण डोंगराकडील जमिनीची. तेथे मुरमाच्या पातळ थराखाली भेगाळ काळा कातळ असतो. पाणी झपाट्याने जिरते, चाचणीचा निकाल उत्तम येतो, आणि खड्डा कधी भरत नाही म्हणून घरमालकही समाधानी असतो. परंतु कातळाच्या भेगांतून जाणारे पाणी मातीच्या कणांच्या सहवासात येतच नाही; ते शुद्ध न होता दूरवरच्या विहिरीपर्यंत पोचू शकते. अठरा मीटरांचे अंतर पुरेसे ठरते ते मातीच्या गाळणक्रियेच्या भरवशावर. भेगाळ खडकात तो भरवसा धरता येत नाही. पाझर-चाचणी जमीन पाणी किती शोषते एवढेच सांगते. ती पाणी किती शुद्ध करते हे सांगत नाही.

तिसरी अडचण ऋतूची. जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात कोरड्या जमिनीवर घेतलेली चाचणी आणि जुलै महिन्यातील त्याच जमिनीची स्थिती यांत महदंतर असते. चाचणीपूर्वी खड्डा भिजविण्याची अट आहे; पण रात्रभर पाणी भरून ठेवल्याने श्रावणातील भूजलपातळी निर्माण होत नाही. ज्या काळात विहिरी तुडुंब असतात त्याच काळात शोषखड्ड्याच्या तळाशी भूजल टेकते, आणि मधला कोरड्या मातीचा थर, ज्यावर सर्व शुद्धीकरण अवलंबून आहे, तो नाहीसा होतो. त्यात पुराची भर पडते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा व रोहा तालुक्यातील नागोठणे येथे जो हाहाकार माजविला तो अपवादात्मक होता; परंतु सखल वस्तीत पाणी शिरून टाक्या व विहिरी एकाच पाण्याखाली जाण्यासाठी तेवढा मोठा पूरही लागत नाही.

६. भोगवटा प्रमाणपत्रानंतर

परवान्याचा शेवटचा टप्पा म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. टाकीचे आयुष्य तेथून सुरू होते, आणि प्रशासनाचे लक्ष तेथे संपते. बांधकामाची परवानगी एक वर्ष टिकते व काम झाले नाही तर तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. बांधून झालेल्या टाकीस मात्र कोणतीही मुदत नाही. वस्तुतः टाकीतील गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसला पाहिजे, असे केंद्र सरकारच्या २०१३ च्या सूचनांत सांगितले आहे. उपसा झाला नाही तर गाळ वाढतो, पाणी टाकीत थांबण्याचा अवधी घटतो, आणि गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे बुजवितो. ही हानी सहसा भरून येत नाही. खड्डा नव्या जागी खोदावा लागतो, आणि दीड गुंठ्यात नवी जागा नसते.

टाकी वर्षानुवर्षे न उपसण्याचे कारण निष्काळजीपणाइतकेच बांधणीतही सापडते. घराच्या मागच्या बोळात, लाद्यांखाली दडविलेल्या टाकीपर्यंत उपशाच्या गाडीची नळी पोचत नाही. मग माणूस उतरविला जातो. टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड व इतर वायू क्षणार्धात माणसास बेशुद्ध करतात, आणि त्यास वाचविण्यास उतरणाराही पुष्कळदा परत येत नाही. हाताने मैला उचलण्याच्या कामास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाच्या कलम ७ अन्वये संरक्षक साधनांवाचून टाकीत माणूस उतरविणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. ह्या कायद्याचा संबंध बांधकाम-परवान्याशी सहसा जोडला जात नाही. पण टाकी कोठे व कशी बांधली आहे ह्यावरच पुढे तीत यंत्राची नळी जाईल की माणूस, हे ठरते. नकाशावर सही होते त्या दिवशीच हा निर्णय होऊन गेलेला असतो.

उपसलेल्या गाळाचे पुढे काय होते हा ह्याच प्रश्नाचा उत्तरार्ध आहे. गाळ एखाद्या ओढ्यात किंवा खाजणात रिकामा केला, तर शंभर घरांनी पाळलेले नियम एका खेपेत व्यर्थ होतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ह्या गाळाच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि केंद्राने २०१७ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केले. साताऱ्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी एकदा प्रत्येक टाकी उपसण्याचा नियोजित क्रम सुरू केला व गाळाच्या प्रक्रियेसाठी केंद्र उभारले. त्यानंतर सिन्नर येथेही असाच उपक्रम झाला. आकाराने वाईचे गाव पेणशी तुलना करण्याजोगे आहे. ह्या प्रयोगाचे मर्म असे की, तक्रार आल्यावर गाडी पाठविण्याऐवजी नगरपरिषद ठरल्या वेळी स्वतः दारी जाते व खर्च कराच्या रूपाने सर्वांवर वाटला जातो.

७. कारखाना आणि घर

ह्या सर्व विवेचनास रोह्यातीलच एक तुलना उपयोगी पडेल. धाटाव येथील कारखान्यास जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ ह्याच्या कलम २५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. ही संमती ठराविक मुदतीची असते, तिच्यात सोडावयाच्या पाण्याची गुणवत्ता नमूद असते, आणि नमुने घेऊन तपासणी होऊ शकते. कलम २४ अन्वये नदी किंवा विहीर दूषित करण्याची मनाई सर्वांनाच आहे, घरमालकालाही. परंतु संमतीची पद्धत प्रत्यक्षात कारखाने, संस्था व मोठे गृहप्रकल्प यांपुरती राहिली आहे. प्रत्येक घराकडून अशी संमती मागणे अव्यवहार्य आहे, हे उघड आहे. तथापि दोन पद्धतींतील तत्त्वभेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कारखान्याच्या बाबतीत कायदा काय बाहेर पडते ते पाहतो. घराच्या बाबतीत काय बांधले ते पाहतो. पहिले नियमन काळाबरोबर चालते, दुसरे एका दिवशी संपते.

ह्याचा सामाजिक परिणामही विचारात घेतला पाहिजे. जो नियम बहुतेकांना पाळणेच शक्य नाही तो सर्वांकडून मोडला जातो. आणि सर्वांनी मोडलेला नियम ज्याच्याविरुद्ध वापरावयाचा त्याच्याविरुद्ध वापरता येतो. शेजाऱ्यांचे भांडण, निवडणुकीतील वैर किंवा जमिनीचा व्यवहार यांत 'नियमबाह्य शोषखड्डा' हे हत्यार होऊ शकते. विहिरीचे पाणी त्यामुळे सुधारत नाही, आणि कायद्याविषयीचा आदर मात्र कमी होतो.

८. समारोप

नियम अधिक कडक करणे हा ह्यावरील पहिला उपाय वाटण्याचा संभव आहे. परंतु अठराचे पंचवीस मीटर केल्याने दीड गुंठ्याचा भूखंड मोठा होत नाही. त्याचप्रमाणे सर्व अटी शिथिल कराव्यात, गरीब घरमालकावर भार नको, हा युक्तिवादही अपुरा आहे. कारण न केलेला खर्च नाहीसा होत नाही, तो विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेजाऱ्यावर व टाकीत उतरणाऱ्या कामगारावर पडतो. आवश्यक आहे ते नियमनाचे एकक बदलणे. भूखंडाऐवजी वस्ती आणि एका दिवसाऐवजी टाकीचे आयुष्य हे एकक मानले, तर सध्याच्या कायद्यांतही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. नगरपरिषदेला प्रभागवार विहिरी, टाक्या व शोषखड्डे यांची नोंदवही व नकाशा ठेवता येईल. लहान भूखंडांची कामे पावतीवर सुरू झाली तरी जोत्याच्या तपासणीच्या वेळी शोषखड्ड्याची जागा पाहता येईल. पाझर-चाचणीबरोबर पावसाळ्यातील विहिरीच्या पातळीची नोंद मागता येईल. उपशाच्या गाडीची नळी पोचेल अशा ठिकाणी टाकीचे झाकण असावे ही अट भोगवटा प्रमाणपत्रास जोडता येईल. आणि खारेपाटासारख्या भागात घरोघरच्या शोषखड्ड्यांऐवजी काही घरांसाठी मिळून एक शुद्धीकरण-व्यवस्था मान्य करता येईल. १९६५ च्या अधिनियमाने नगरपरिषदांना उपविधी करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याचा उपयोग ह्या कामी व्हावा.

स्थानिक शासनाच्या अभ्यासकांस ह्या विषयात क्षेत्रकार्यास भरपूर वाव आहे. मंजूर आराखड्यांवर शोषखड्डा किती वेळा दाखविलेला असतो, तो प्रत्यक्षात कोठे असतो, आणि त्याच्या अठरा मीटरांच्या वर्तुळात किती विहिरी येतात, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे एका प्रभागापुरती जरी मिळाली, तरी परवाना व वस्तुस्थिती यांतील अंतर मोजता येईल. ही मोजणी दोनदा व्हावी, एकदा वैशाखात आणि एकदा आषाढात. कारण ह्या भागातील जमीन वर्षातून दोन वेगवेगळी उत्तरे देते, आणि परवाना आजवर त्यांपैकी एकच ऐकत आला आहे.